थांबल्याचा पुरावा

साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये कानठळ्या बसवणारी जागा म्हणजे सेंट्रिफ्युगल स्टेशन. पॅनमध्ये शिजून तयार झालेला दाट, तपकिरी मासेक्युट इथे उभ्या शाफ्टला लटकवलेल्या मोठ्या जाळीदार बास्केटमध्ये सोडतात. भरताना बास्केट मिनिटाला दीड-दोनशे फेऱ्यांनी फिरत असते. माल आत बसला की वेग हजार-बाराशेवर चढतो. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखरेचे दाणे भिंतीला धरून राहतात. पाण्याचा फवारा मारून दाण्यांवरची उरलीसुरली मळी धुतली जाते. त्यानंतर वेग पन्नासच्या आसपास उतरवतात, प्लाऊ नावाचं पातं आत सरकतं आणि भिंतीवरची साखर खरवडून खाली पाडतं. बॅच मशीनचं हे चक्र साधारण तीन मिनिटांचं असतं. गळीत हंगामात ते रात्रंदिवस चालू राहतं.

त्या तीन मिनिटांत यंत्राला एका प्रश्नाचं उत्तर चुकून चालत नाही: वेग खरोखर उतरला का? उतरला नसताना प्लाऊ आत गेला, तर पातं, जाळी आणि बास्केट तिघांचीही वाट लागते. आणि जाळी फाटली, ती बदलायला फिटरला झाकण उघडून आत हात घालायचा आहे, अशा वेळी प्रश्न आणखी कडक होतो. बास्केट उभी राहिली आहे का? नुसती मंदावली आहे का, की पूर्ण उभी आहे? आणि हे कोण सांगतंय, कशाच्या आधारावर?

बास्केटमध्ये किती ऊर्जा असते याचा हिशेब करून पाहू. बास्केट आणि आतला माल मिळून दीड टन धरू, हे वजन सरासरी ६० सेंटिमीटर त्रिज्येवर फिरतंय असं मानू आणि वेग मिनिटाला १००० फेऱ्या घेऊ. उत्तर येतं सुमारे ३० लाख ज्यूल. दहा टनांचा ट्रक ताशी ८८ किलोमीटरने धावताना त्याच्यात जेवढी गतिज ऊर्जा असते, तेवढी इथे एका जागी गोल फिरत असते. मोटारीची वीज तोडली म्हणून त्यातला एक ज्यूलही त्या क्षणी कमी होत नाही. बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा विरोध एवढ्याच्या भरवशावर सोडली, तर अशी बास्केट कित्येक मिनिटं फिरत राहते. शेवटी शेवटी तर आवाज जवळजवळ बंद होतो आणि शेजारच्या मशीनच्या घरघरीत तो ऐकूही येत नाही. गुळगुळीत गोल वस्तू हळू फिरत असली, तर मंद उजेडात डोळ्यालाही कळत नाही.

म्हणून 'मोटर बंद' आणि 'यंत्र उभं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रोल पॅनलवरचा दिवा पहिलीबद्दल सांगतो. हिरवा विझला आणि लाल लागला, याचा अर्थ कॉन्टॅक्टर सुटला. शाफ्टचं काय झालं हे त्या दिव्याला ठाऊक नसतं. पीएलसीने, म्हणजे यंत्राच्या पायऱ्या चालवणाऱ्या कंट्रोलरने, थांबण्याचा आदेश दिला असेल, तर पीएलसीला फक्त आपला आदेश माहीत असतो. कितीतरी यंत्रांवर आदेश दिला म्हणजे काम झालं असं धरून पुढची पायरी बांधलेली असते आणि अपघाताची जागा नेमकी तिथेच तयार होते.

भारतातल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाने या धोक्याची दखल फार लवकर घेतली. चालू यंत्राला कुंपण हवं, असं त्याचं २१वं कलम सांगत होतं. चालत्या यंत्राची तपासणी करावीच लागली, तर ती खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या कामगारानेच करावी आणि त्याचं नाव नोंदवहीत असावं, असं २२वं कलम होतं. तिसाव्या कलमात तर फिरतं भांडं, पिंजरा, बास्केट, फ्लायव्हील, पुली यांचा उल्लेख नावानिशी होता. त्यांचा परिघावरचा सुरक्षित वेग ओलांडला जाणार नाही याची व्यवस्था करायला ते सांगत होतं. त्या कलमाचा रोख वेगाच्या वरच्या टोकाकडे होता. आपलं प्रकरण खालच्या टोकाबद्दलचं आहे, आणि हे टोक मोजायला जास्त अवघड आहे.

आधी थांबवणं कसं होतं ते पाहू. आजच्या बहुतेक मोठ्या मोटारी व्हीएफडीवर, म्हणजे ज्याला कारखान्यात सगळे नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतात त्यावर चालतात. ड्राइव्ह आधी ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज विजेची डीसी करतो. ही डीसी साडेपाचशे ते सहाशे व्होल्टच्या घरात असते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. पुढे आयजीबीटी नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन तिच्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी घडवतात. मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र या एसीबरोबर गोल फिरतं आणि रोटर त्याच्यामागे धावतो.

या रचनेत सुरक्षेला एक आधार आपोआप मिळालेला आहे आणि तो मला फार आवडतो. फिरतं क्षेत्र हवं असेल तर सहाही स्विच ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळी चालवावे लागतात. एखादा स्विच बिघडून कायमचा जोडलेला राहिला, तरी त्यातून फार तर एकाच दिशेचा प्रवाह जाईल. त्याने क्षेत्र तयार होईल, पण ते फिरणार नाही. इंडक्शन मोटर अशा स्थिर क्षेत्रात चालत नाही, उलट तिला थोडा ब्रेकच लागतो. 'सेफ टॉर्क ऑफ', म्हणजे एसटीओ, ही सोय याच गुणावर उभी आहे. तिच्यात दोन स्वतंत्र मार्गांनी या स्विचना मिळणारे चालू होण्याचे संकेतच तोडतात. एक मार्ग बिघडला तर दुसरा उरतो. पूर्वी यासाठी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये मोठे कॉन्टॅक्टर बसवावे लागत, ते आता बऱ्याच ठिकाणी गेले. ड्राइव्हच्या सुरक्षा-कार्यांचं मानक, आयईसी ६१८००-५-२, याने एसटीओला आणि तिच्या भावंडांना नेमक्या व्याख्या दिल्या.

कायमचुंबकाच्या सर्वो मोटारीत मात्र एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. दोन स्विच विशिष्ट जागी एकाच वेळी शॉर्ट झाले, तर रोटर एक झटका घेऊन जवळच्या ध्रुवावर जाऊन बसतो. हा झटका जास्तीत जास्त १८० अंश भागिले ध्रुवजोड्या एवढा असतो. आठ ध्रुवांच्या मोटारीत ४५ अंश. असं होण्याची शक्यता फार कमी, पण त्या शाफ्टवर बॉल स्क्रू असेल आणि समोर बोट असेल, तर ते ४५ अंश किती मिलिमीटर होतात हे आधी काढून ठेवावं लागतं.

एसटीओ या नावावरून जो समज होतो, तो दोन बाजूंनी चुकीचा आहे. पहिली बाजू विजेची. एसटीओ लागली म्हणून मोटारीच्या टर्मिनलला हात लावता येत नाही. कपॅसिटर भरलेले असतात, आणि मेन स्विच काढल्यानंतरही काही मिनिटं थांबण्याची सूचना ड्राइव्हच्या अंगावरच लिहिलेली असते. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. एसटीओ टॉर्क काढून घेते, म्हणजे पळवणारा टॉर्क जातो तसा थांबवणाराही जातो. आपली बास्केट उतरताना मोटर जनित्रासारखी वागते आणि फिरण्यातली ऊर्जा वीज म्हणून लाइनला परत देते. आधुनिक सेंट्रिफ्युगल इतक्या झटपट मंदावते ती त्यामुळे. हजार फेऱ्यांवर असताना कुणी इमर्जन्सी स्टॉप दाबला आणि त्याने सरळ एसटीओ लागली, तर हा ब्रेक क्षणात नाहीसा होतो आणि बास्केट मोकळी फिरत बसते. ज्या बटणाने यंत्र लवकर थांबावं अशी अपेक्षा, त्यानेच ते सर्वांत उशिरा थांबतं. यावर उपाय म्हणून 'सेफ स्टॉप १' हे कार्य आहे: आधी ड्राइव्हने नियंत्रित ब्रेक लावून वेग खाली आणायचा आणि मगच एसटीओ लावायची. जड फिरणाऱ्या वस्तूला हेच योग्य. लिफ्ट आणि क्रेनचा प्रश्न वेगळा. तिथे टॉर्क गेला की वजन खाली येतं, म्हणून टॉर्क सोडण्याच्या आधी यांत्रिक ब्रेकने पकडलं आहे याची खात्री लागते.

समजा, थांबवणं नीट झालं. आता ते झालं हे कळायचं कसं?

सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे टायमर. बंद केल्यावर अमुक सेकंद थांबा, मग झाकणाचं लॉक सोडा. लहान यंत्रांवर हे सर्रास आढळतं आणि अगदी चूक आहे असं नाही. पण टायमर वेग मोजत नाही. त्यामुळे तो सर्वांत वाईट परिस्थितीसाठी लावावा लागतो: पूर्ण भरलेलं यंत्र, सर्वोच्च वेग, झिजलेला ब्रेक, आणि ब्रेक लागलाच नाही ही शक्यतासुद्धा. आज ब्रेक नवा असताना १५ सेकंदांत थांबणाऱ्या यंत्रावर ४० सेकंदांचा टायमर बसतो. दिवसातून शंभर वेळा दार उघडायचं असेल, तर रोज सुमारे ४२ मिनिटं ऑपरेटर उभ्या असलेल्या यंत्रासमोर हात बांधून उभा राहतो. त्याला दिसतंय की यंत्र थांबलं आहे, आणि दार उघडत नाही. मग एक दिवस कुणीतरी लॉकच्या जिभेचा सुटा तुकडा मिळवतो आणि स्विचमध्ये कायमचा खोचून ठेवतो, किंवा पॅनलमध्ये एक जंपर पडतो. शॉप फ्लोअरवर याला बायपास म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा रात्रपाळीत होतो, उत्पादनाचा आकडा भरायचा असताना.

या प्रकाराचा दोष नुसता कामगाराच्या बेफिकिरीवर टाकणं मला पटत नाही. इंटरलॉकचं मानक आयएसओ १४११९ यालाही तसं वाटत नाही. बायपास करायचा मोह कशातून होतो हे डिझाइन करणाऱ्याने आधीच शोधावं, असं ते सांगतं. यंत्र थांबल्याबरोबर ओळखणारी आणि लगेच दार सोडणारी व्यवस्था असेल, तर जंपर टाकायचं कारणच उरत नाही. थांबणं अचूक मोजण्यात सुरक्षा आणि उत्पादन एकाच बाजूला असतात. अशा जागा थोड्या असतात, आणि जिथे असतात तिथे पैसे वाचवू नयेत.

मोजण्याची पहिली चांगली युक्ती मोटारीच्या आतच सापडते. इंडक्शन मोटारीची वीज तोडल्यावर रोटरचं चुंबकत्व झपाट्याने उतरतं, पण पूर्ण शून्य होत नाही. लोखंडात थोडं शिल्लक राहतं. रोटर फिरत असेल तोवर हे शिल्लक चुंबकत्व स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये अगदी बारीक व्होल्टेज निर्माण करतं आणि वेग उतरेल तसं तेही उतरतं. स्टँडस्टिल रिले मोटारीच्या टर्मिनललाच जोडतात आणि हे व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेखाली गेलं की तो 'उभं आहे' असा संकेत देतो. वेगळा सेन्सर नको, ब्रॅकेट नको, शाफ्टवर काही बसवायला नको. जुन्या यंत्राला हा रिले सहज लावता येतो.

त्या रिलेवर केवढा भार आहे ते पाहा. मोटर चालू असताना त्याच टर्मिनलवर ४१५ व्होल्ट असतात, आणि बंद झाल्यावर त्याला मोजायचे असतात वीस-तीस मिलिव्होल्ट. वीस हजारपट फरक. शिवाय टर्मिनलवर काहीच व्होल्टेज नाही, याचे दोन अर्थ निघतात: मोटर उभी आहे, किंवा रिलेकडे येणारी वायर तुटली आहे. हे दोन अर्थ वेगळे करता आले नाहीत तर रिलेला काही किंमत नाही. म्हणून चांगला रिले मोजणीच्या वायरमधून स्वतःचा एक छोटा प्रवाह वाइंडिंगमधून फिरवून परत घेत राहतो. तो परत आला, तर वायर शाबूत. परत आला नाही, तर व्होल्टेज शून्य असूनही लॉक सुटत नाही.

या प्रकरणातली मुख्य गोष्ट तीच आहे. शांतता आणि बिघाड बाहेरून सारखेच दिसतात. वेगाचा सेन्सर मेला की त्याचं आउटपुट शून्य होतं, आणि थांबलेल्या यंत्राचं आउटपुटही शून्यच असतं. तापमानाचा किंवा दाबाचा सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा वेडावाकडा आकडा दाखवतो आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. थांबल्याचा सेन्सर बिघडला तर तो नेमकं ऐकायला हवं असलेलंच उत्तर देतो. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका अडचणीशी झगडण्यासाठी निघालेल्या आहेत.

दुसरी पद्धत प्रॉक्सिमिटी सेन्सरची. शाफ्टवर दातेरी चकती बसवायची आणि तिच्यासमोर काही मिलिमीटरवर इंडक्टिव्ह सेन्सर. दाता समोर आला की पल्स. पल्स मोजून वेग काढता येतो, आणि पल्स येणं थांबलं की यंत्र थांबलं. इथे दात्यांची संख्या फार महत्त्वाची असते. चकतीऐवजी फ्लँजचे चार बोल्टच वापरले, असं बऱ्याच ठिकाणी करतात, तर मिनिटाला एक फेरी या वेगाला दोन पल्समध्ये १५ सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे वेग एका फेरीच्या खाली गेला असं म्हणण्यापूर्वी रिलेला १५ सेकंद पल्सची वाट पाहावी लागते. साठ दात्यांची चकती असेल तर तेच उत्तर एका सेकंदात मिळतं.

मग दाते वाढवत का न्यायचे नाहीत? कारण साठ दाते आणि मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०० पल्स. मोठ्या आकाराचे अनेक प्रॉक्सिमिटी सेन्सर सेकंदाला काहीशे पल्सच्या पुढे जाऊ शकत नाहीत. त्या वेगाला पोचल्यावर सेन्सर दाता आणि खाच यांतला फरक पकडू शकत नाही आणि त्याचं आउटपुट एकाच स्थितीत अडकून राहतं. पल्स बंद. रिलेच्या बाजूने पाहिलं तर यंत्र थांबलं! सर्वोच्च वेगाला यंत्र उभं असल्याचा संकेत जावा, यापेक्षा भयंकर चूक दुसरी नाही, आणि ती कुठलाही भाग न बिघडता, निव्वळ कॅटलॉगमधला एक आकडा न पाहिल्यामुळे होते. सेन्सरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी ही खरेदी विभागाने किमतीवरून बदलायची गोष्ट नाही.

शहाणा रिले इथेही शंका घेतो. हजार फेऱ्यांवरचा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आला, हे दीड टनाच्या बास्केटच्या बाबतीत अशक्य आहे. असं दिसलं तर तो थांबल्याचा संकेत न देता फॉल्ट दाखवतो. तसंच मोटर चालू करण्याचा आदेश गेला आणि पल्स आलीच नाही, तरी फॉल्ट.

वायर तुटण्यावरचा उपाय दोन सेन्सरचा. दोघं अशा अंतरावर बसवायचे की चकती कुठेही उभी राहिली तरी निदान एकासमोर धातू असेलच. यंत्र उभं असताना दोन्ही आउटपुट शून्य होऊच शकत नाहीत. झाले तर काहीतरी तुटलं आहे हे लगेच कळतं. आणखी एक फायदा यातून मिळतो. दाता अगदी सेन्सरच्या कडेवर येऊन थांबला आणि शेजारच्या मशीनचा कंप पोचत राहिला, तर एकटा सेन्सर थरथरत पल्स देत राहतो आणि उभं यंत्र फिरतंय असं वाटतं. दोन सेन्सरच्या क्रमावरून खरं फिरणं आणि नुसतं थरथरणं वेगळं करता येतं.

पण हे दोन सेन्सर बहुतेक ठिकाणी एकाच ब्रॅकेटवर असतात. कंपाने बोल्ट सैल झाला आणि ब्रॅकेट चकतीपासून सेंटिमीटरभर लांब गेलं, तर दोघंही एकदम आंधळे होतात. वरच्या मांडणीत ते लगेच पकडलं जातं, कारण दोन्ही शून्य. ब्रॅकेट वाकून दोन्ही सेन्सर शेजारच्या स्थिर लोखंडासमोर आले तर? मग दोन्ही आउटपुट कायम चालू, आणि कुठलीही पल्स नाही. पुन्हा तीच शांतता. एकाच कारणाने दोन्ही मार्ग बिघडणं, हा सुरक्षेच्या अभियांत्रिकीतला सर्वांत चिवट विषय आहे. दोन वस्तू बसवल्या म्हणून दोन पुरावे होत नाहीत, त्या एकाच बोल्टच्या भरवशावर असतील तर पुरावा एकच असतो. वेगळे ब्रॅकेट, वेगळ्या केबलवाटा, जमलं तर वेगळ्या तत्त्वावर चालणारे सेन्सर असा खर्च इथे सार्थकी लागतो.

सर्वो मोटारींवर आणि अचूक यंत्रांवर एन्कोडर असतो. साइन-कोसाइन प्रकारचा एन्कोडर दोन लहरी देतो, एक साइनची, एक कोसाइनची. शाळेतलं त्रिकोणमितीचं नातं इथे पहारेकऱ्याचं काम करतं: दोन्हींच्या वर्गांची बेरीज नेहमी स्थिर असली पाहिजे. शाफ्ट फिरत असो की उभा असो, ही बेरीज ढळत नाही. एक वायर तुटली, एक अँप्लिफायर बिघडला, आतला प्रकाश मंदावला, तर बेरीज चुकते आणि फॉल्ट मिळतो. थांबलेल्या अवस्थेतही सेन्सर जिवंत असल्याचा पुरावा देत राहतो, ही याची खरी कमाई.

तरी एक बिघाड या जाळ्यातून निसटतो. एन्कोडर मोटारीच्या शाफ्टला एका छोट्या कपलिंगने जोडलेला असतो. त्या कपलिंगचा स्क्रू सुटला की मोटर फिरते आणि एन्कोडर स्वस्थ बसतो. आतल्या दोन्ही लहरी निर्दोष, वर्गांची बेरीज बिनचूक, वेग शून्य. एन्कोडर खोटं बोलत नाही. तो स्वतः खरोखरच थांबलेला आहे. मोटर चालू असताना हे पकडता येतं, कारण ड्राइव्ह पाठवत असलेली फ्रिक्वेन्सी आणि एन्कोडरचा वेग जुळत नाहीत. उभ्या यंत्रात मात्र तुलना करायला काहीच नसतं. म्हणून सुरक्षेसाठीचे एन्कोडर नुसत्या घर्षणाने न धरता चावी किंवा आकाराच्या पकडीने बसवतात, आणि थांबलेला अक्ष ठरलेल्या वेळाने थोडा हलवून पाहण्याची अट घालतात. थांबण्याची मोजणी शाबूत आहे की नाही, हे यंत्र हलवल्याशिवाय तपासता येत नाही.

यावरून मोजायचं कुठे, हाही प्रश्न निघतो. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये ओलं कापड पिळून काढणारं यंत्र असतं, त्याला सगळे 'हायड्रो' म्हणतात. अशा बऱ्याच हायड्रोंमध्ये मोटर बाजूला आणि ड्रम व्ही-बेल्टवर असतो. बेल्ट तुटले की मोटर मोकळी होते आणि तिला बंद केलं की ती चटकन उभी राहते. ड्रम कापडासकट फिरत राहतो. मोटारीवरचा रिले, मोटारीवरचा एन्कोडर, दोघंही खरं सांगतात, आणि दार उघडतं. म्हणून माणसाला ज्या भागापासून इजा होणार त्या भागावर मोजावं, आणि तिथे शक्य नसेल तर मधली जोडणी तुटणार नाही याची सोय करावी. मी तरी बेल्टच्या अलीकडची मोजणी दाराचं लॉक सोडायला पुरेशी मानणार नाही.

आता 'थांबलं' म्हणजे किती थांबलं? पूर्ण शून्य कुठलंही उपकरण मोजू शकत नाही, मर्यादा ठरवावीच लागते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते ही इथे मदतीची गोष्ट. हजार फेऱ्यांवर ३० लाख ज्यूल असलेली आपली बास्केट एका फेरीवर येते तेव्हा तिच्यात उरतात तीनच ज्यूल. परिघावरचा वेग सेकंदाला सहा सेंटिमीटर. तेवढ्याने हात तुटणार नाही, पण कड आणि चौकट यांच्यात बोट सापडलं तर ते सुटणारही नाही. म्हणजे मर्यादा ऊर्जेवरून ठरवायची की फटीवरून, हे यंत्राच्या घडणीकडे पाहून ठरतं. काही यंत्रांत तर अक्ष टॉर्क देऊनच जागेवर धरलेला असतो आणि माणूस आत काम करतो. तिथे वेगाऐवजी जागेवर पहारा असतो. ठरवलेल्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर अक्ष जरा सरकला की ड्राइव्ह टॉर्क काढून टाकतो. मानकात याचं नाव 'सेफ ऑपरेटिंग स्टॉप'.

शेवटी हा संकेत जातो झाकणाच्या लॉककडे. धोकादायक यंत्राचं लॉक स्प्रिंगने बंद राहणारं आणि वीज दिल्यावर उघडणारं घ्यावं, उलट प्रकारचं नको. कारण वीज गेली तेव्हा बास्केट पूर्ण वेगात असू शकते, आणि नेमक्या त्या वेळी लाइनला वीज परत देण्याचा ब्रेकही गेलेला असतो. स्प्रिंगचं लॉक अशा वेळी बंदच राहतं. वीज परत येते, रिले जागा होतो, तो स्वतःची तपासणी करतो, यंत्र उभं असल्याचा पुरावा गोळा करतो, मगच लॉकला वीज मिळते. अशा साखळीची विश्वासार्हता आयएसओ १३८४९ 'ए' ते 'ई' अशा पाच पातळ्यांत मोजतं. 'डी' पातळीला तासाला धोकादायक बिघाडाची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी हवी, 'ई'ला एक कोटीत एकापेक्षा कमी. हे आकडे भागांच्या गुणवत्तेचे आणि रचनेचे आहेत. सैल ब्रॅकेट आणि पॅनलमधला जंपर त्यांत धरलेला नसतो.

तो शोधायला माणूसच लागतो. बास्केट रिकामी ठेवून ती मर्यादेच्या थोड्या वरच्या वेगाला फिरवायची आणि एका सेन्सरचा कनेक्टर काढायचा. लॉक सुटता कामा नये आणि फॉल्ट दिसला पाहिजे. कनेक्टर परत लावल्यावर फॉल्ट आपोआप पुसला गेला, तर तेही चूक. मग दुसरा सेन्सर, मग दोन्ही एकदम. मग यंत्र फिरत असताना कंट्रोल सप्लाय काढायचा आणि झाकण हाताने ओढून पाहायचं. नंतर पूर्ण वेगावरून थांबवून, डोळ्यांना उभं दिसल्यापासून लॉक सुटेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळाने मोजायचं. हा आकडा वाढत चालला असेल तर ऑपरेटर लवकरच वैतागणार आहेत. पुली, ब्रॅकेट, सेन्सर किंवा ड्राइव्हचं एखादं पॅरामीटर बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. साखर कारखान्याला यासाठी ऑफ सीझनचे महिने मिळतात. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी प्रत्येक मशीनसमोर ही चाचणी झालेली आणि नोंदवहीत मोजलेल्या सेकंदांसकट करणाऱ्याची सही झालेली असावी.